वाळू विकून वाळू राखणारी गावे

नदीपात्रातील वाळूच्या लिलावाची जाहीर सूचना आणि टंचाईग्रस्त गावांना टँकरने पाणी पुरविण्याच्या निविदेची जाहीर सूचना, या दोन्ही एकाच जिल्ह्याच्या वृत्तपत्रांत, कधी कधी तर एकाच महिन्यात प्रसिद्ध होतात. या दोहोंचा एकमेकींशी काही संबंध असावा अशी शंका मात्र ना सूचना काढणाऱ्याला येते, ना वाचणाऱ्याला. पहिल्या सूचनेने सरकारी तिजोरीत पैसा येतो, दुसरीने तो बाहेर जातो. शीर्षके निराळी, त्यामुळे हिशेबही निराळे राहतात.

अर्थशास्त्र शिकविण्याचा व्यवसाय पत्करलेल्या माणसाने असल्या हिशेबाकडे संशयाने पाहिले पाहिजे. पण खरे सांगायचे तर हा संशय मला माझ्या विषयाने शिकविलेला नाही. राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रकरणावर वर्गात व्याख्यान चालू असता मागच्या बाकावरील एका विद्यार्थ्याने विचारले होते, "सर, वाळू गेली ते उत्पन्नात धरायचं; मग हीर आटली ते कुठं मांडायचं?" वर्ग हसला. मीही थोडा हसलो, कारण उत्तर नव्हते. पाठ्यपुस्तकात यंत्राच्या झिजेला घसारा म्हणतात आणि तो उत्पन्नातून वजा करतात. नदीच्या झिजेला नाव नाही आणि वजाबाकीही नाही. त्या मुलाचा थोरला भाऊ रात्रीच्या वेळी वाळूचा ट्रॅक्टर चालवितो हे मला नंतर कळले. प्रश्न पुस्तकातून आलेला नव्हता, घरातून आला होता.

या प्रश्नाला सांगली जिल्ह्यातील दोन गावांनी चाळीस वर्षांपूर्वी आपल्या परीने उत्तर दिले होते. ती हकीकत आज एक तर कोणाला ठाऊक नसते, नाही तर 'गावकऱ्यांनी श्रमदानाने बंधारा बांधला' अशा सोज्ज्वळ रूपात ठाऊक असते. श्रमदानाच्या कथेत कोणाचे काही बिघडत नाही, म्हणून ती सर्वांनाच आवडते. बळीराजा धरणाची कथा तेवढी निरुपद्रवी नाही.

खानापूर तालुका हा कृष्णेच्या खोऱ्यातला असूनही कृष्णेच्या पाण्याचे सुख त्याला पिढ्यान्‌पिढ्या लाभले नाही. पश्चिमेला नदीकाठची काळी, ऊसाची जमीन. पूर्वेला पर्जन्यछायेतला माळ. या माळाचे मुख्य पीक माणूस होते असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरणार नाही. घरटी एक तरी माणूस मुंबईच्या गिरणीत, आणि त्याच्या मनिऑर्डरीवर गावचा संसार. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि ही मनिऑर्डर थांबली. कामगार गावी परतले ते नेमके दुष्काळाच्या तोंडावर. मुंबईत ज्याने युनियन पाहिली आहे, मोर्चा पाहिला आहे, मालकाशी वाटाघाटी पाहिल्या आहेत, असा माणूस रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला बसला.

रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने १९७७ मध्ये केला. मागेल त्याला काम देण्याचे बंधन राज्याने स्वतःवर घेतले, ही देशात त्या काळी अपूर्व गोष्ट होती आणि तिचे श्रेय महाराष्ट्राकडून कोणी हिरावून घेऊ नये. परंतु कामाच्या हक्काबरोबर कामाच्या स्वरूपाविषयी बोलण्याचा हक्क मिळाला नव्हता. खानापुरात भारत पाटणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभी केलेली 'मुक्ती संघर्ष' चळवळ आरंभी मजुरीच्या, कामाच्या मागण्यांसाठी लढली, जशी कोणतीही डावी संघटना लढली असती. पुढे मात्र तिने एक वेगळाच प्रश्न विचारला. आम्ही दरसाल खडी फोडतो आणि दरसाल दुष्काळ येतो. तर मग दुष्काळ कायमचा हटेल असे काम आम्हांला का देत नाही? मजुरीच्या दराचा प्रश्न येथे मजुरीच्या हेतूचा प्रश्न झाला. माझ्या मते आपल्याकडील पुरोगामी राजकारणाने घेतलेल्या मोठ्या वळणांपैकी हे एक आहे. ते एका तालुक्यात घेतले गेले, मुंबई-पुण्यात नव्हे, म्हणून त्याची नोंद कमी झाली.

उत्तर शोधण्यासाठी या मंडळींनी गावातच विज्ञान जत्रा भरविल्या. पीकपद्धती कधी बदलली, विहिरींची पातळी केव्हापासून खाली गेली, झाडे कोणी तोडली, याचा शोध शेतकऱ्यांनी स्वतः घेतला. शास्त्रज्ञ आणि अभियंते आले ते व्याख्यान देऊन गाडीत बसण्यासाठी आले नाहीत. के. आर. दाते यांच्यासारखा धरणांच्या बांधणीत आयुष्य घालविलेला अभियंता या कामात सहभागी झाला. आणि या शोधात गावकऱ्यांची नजर ज्या वस्तूवर गेली ती त्यांच्या पायाखालीच होती.

येरळा सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यात उगम पावते आणि ब्रह्मनाळपाशी कृष्णेला मिळते. पावसाळा सरला की तिचे वाहते पाणी अदृश्य होते, परंतु नाहीसे होत नाही. ते वाळूत उतरते. काठच्या बाया पात्रात झिरा खणून पाणी भरत आल्या, त्या याच पाण्याच्या जोरावर. काठच्या विहिरींना पाझर मिळतो तोही यातूनच. ही वाळू बांधकामासाठी ठेकेदार ट्रकांनी नेत होते. बलवडी आणि तांदूळवाडी या गावांनी विरोध केला. मात्र नुसता विरोध करून ते थांबले नाहीत. त्यांची मागणी अशी होती की ठेकेदाराचा उपसा बंद करा, पात्रातील वाळूचा एक लहानसा हिस्सा गावाला विकू द्या, आणि त्या पैशातून गाव आपले धरण बांधील. उरलेली वाळू पात्रातच राहील.

सरकारी यंत्रणेला ही मागणी पचणे अवघड होते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनुसार (१९६६) नद्या, त्यांची पात्रे आणि खनिजे राज्याच्या मालकीची आहेत. वाळू हे गौण खनिज, आणि १९५७च्या केंद्रीय कायद्याने गौण खनिजांचे नियम करण्याचा अधिकार राज्यांकडे. या सर्व व्यवस्थेत ठेकेदाराला स्थान आहे, जिल्हाधिकाऱ्याला आहे, तलाठ्याला आहे. ज्या गावाच्या हद्दीतून नदी वाहते त्याला नाही. प्रदीर्घ संघर्षानंतर परवानगी मिळाली. वाळूचे उत्पन्न, गावकऱ्यांचे श्रम, बाहेरून आलेल्या विद्यार्थ्यांची शिबिरे आणि सहानुभूतीदारांचे पैसे यांतून धरण उभे राहिले आणि १९९०च्या आगेमागे त्याचे पाणी मिळू लागले. त्याला नाव दिले बळीराजा स्मृती धरण. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त ज्या बळीला कष्टकऱ्यांचा न्यायी राजा म्हणून उभे केले, तो हा बळी. आमच्या आयाबहिणी दिवाळीत त्याचेच राज्य मागतात.

आता हिशेबाकडे वळू, कारण तो माझा प्रांत आहे. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, सुमारे २.८३ घनमीटर. वाळूच्या कणांमधील पोकळीपैकी पाणी सोडणारा भाग सावधपणे चतुर्थांश धरला, तरी एका ब्रासच्या पोटात सुमारे ७०० लिटर पाणी राहते. एक किलोमीटर लांब, ५० मीटर रुंद आणि २ मीटर खोल वाळूचा पट्टा घ्या. त्यात एक लाख घनमीटर म्हणजे सुमारे ३५,३०० ब्रास वाळू आहे, आणि एकदा भरल्यावर त्यात अडीच कोटी लिटर पाणी मावते. पाच हजार लिटरचे पाच हजार टँकर. राज्य शासनाने २०२३ मध्ये डेपोवरील वाळूचा जो ६०० रुपये ब्रास हा दर जाहीर केला होता, त्या दराने या पट्ट्याचे सुमारे २ कोटी १२ लाख रुपये होतात, एकदाच. टँकरचा दर हिशेबापुरता १,००० रुपये धरा (उन्हाळ्यात तो केवढ्याला पडतो हे वाचक मला सांगतील). पट्टा पावसाळ्यात एकदाच भरतो असे मानले, तरी तो दरसाल ५० लाखांचे पाणी साठवितो. २ कोटी १२ लाख बँकेत सात टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला १५ लाखांच्या आतच व्याज येईल. म्हणजे मुद्दल मोडून जे मिळते त्याचे व्याज मुद्दलाच्या मूळ उत्पन्नाच्या तिसऱ्या हिश्शाएवढेही नाही. हा व्यवहार एखाद्या कुटुंबाने केला तर शेजारीपाजारी त्याला दिवाळखोर म्हणतील.

या आकडेमोडीत उणिवा आहेत. सगळे पाणी वापरता येत नाही, काही पुढे वाहते. उलट वाळू पाणी गाळते, पुराचा वेग मोडते, त्याची किंमत मी धरलेली नाही. शिवाय नदी थोडी वाळू दरसाल नव्याने आणते. ही नवी वाळू हेच खरे व्याज. बलवडी-तांदूळवाडीच्या मागणीतले शहाणपण येथे आहे. त्यांनी वाळूला हात लावू नका असे म्हटले नाही. किती काढायची, कोणी काढायची आणि त्या पैशाचे काय करायचे, हे तीन प्रश्न त्यांनी एकत्र बांधले. आपली वाळूविषयक धोरणे मात्र दुसऱ्याच प्रश्नाभोवती फिरत राहिली आहेत. २०२३ मध्ये डेपोची पद्धत आली, २०२५ मध्ये ती सोडून पुन्हा लिलावाचे धोरण आले. घरकुलांना पाच ब्रासपर्यंत वाळू विनामूल्य देण्याची चांगली तरतूदही त्यात आहे. वाद चालतो तो वाळू कोणी आणि काय दराने विकावी याचा. मध्यंतरी २७ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दीपककुमार खटल्यात पाच हेक्टरांहून लहान पट्ट्यांनाही पर्यावरणाची मंजुरी आवश्यक ठरविली. त्यापूर्वी १९९६ मध्ये कमलनाथ खटल्यात याच न्यायालयाने नद्यांसारख्या संपत्तीचे राज्य हे मालक नसून विश्वस्त आहे असे सांगितले होते. मालक विकू शकतो, विश्वस्ताला हिशेब द्यावा लागतो. हा फरक अजून तहसील कचेरीपर्यंत पोहोचायचा आहे.

येथवर बरेचसे वाचक माझ्याशी सहमत असतील. पुढचा भाग तितका सोयीचा नाही.

धरण झाले, पाणी अडले, ते कोणाचे? आपल्याकडील पाटबंधाऱ्यांचे साधे उत्तर आहे, ज्याची जमीन त्याचे पाणी. दहा एकरवाल्याला दहा एकरांचे, एक एकरवाल्याला एक एकराचे, भूमिहीनाला कालव्याच्या कडेने चालण्याचा आनंद. २००५ साली पाणीवापर संस्थांचा कायदा झाला, तेव्हाही पाण्याचा वाटा क्षेत्राशीच जोडलेला राहिला. बळीराजा धरणाच्या लोकांनी हे नाकारले. पाण्याचा हक्क माणसाचा, जमिनीचा नव्हे, असे तत्त्व त्यांनी स्वीकारले. भूमिहीनांचा वाटा मानला. ऊसासारख्या पिकाला नकार दिला. आणि शेतीचा काही भाग झाडांसाठी राखण्याचा विचार पुढे आणला. याआधी पुरंदर तालुक्यात, १९७२च्या दुष्काळानंतर, विलासराव साळुंखे यांनी नायगावात पाणी पंचायतीचे असेच नियम घातले होते. माणशी अर्ध्या एकराचे पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे, भूमिहीनाला वाटा, ऊसाला बंदी, आणि जमीन विकली तरी पाणी तिच्याबरोबर जाणार नाही. साळुंखे अभियंता आणि उद्योजक, पाटणकर मार्क्सवादी कार्यकर्ते. निघाले वेगवेगळ्या वाटांनी, पण पोहोचले एकाच जागी. दुष्काळाला विचारसरणीचे फारसे सोयरसुतक नसावे.

निसर्गरक्षणाची जी चळवळ वाटपाचा प्रश्न विचारत नाही ती सुखवस्तूंचा छंद होऊन बसते. टेकडी वाचवायची, पण टेकडीखालच्या वस्तीला नळ मिळतो की नाही हे विचारायचे नाही, असा प्रकार शहरांत आपण पाहतोच. दुसऱ्या बाजूला, वाटपाची जी चळवळ निसर्गाची मर्यादा मानत नाही ती शेवटी ठेकेदाराकडून चार पैसे जास्त मिळविण्यावर समाधान मानते. येरळेकाठच्या लोकांना हे दोन प्रश्न वेगळे करणे परवडणारेच नव्हते.

त्या काळी काही डाव्या मित्रांनी घेतलेला आक्षेप आजही ऐकू येतो. धरणे बांधणे ही शासनाची जबाबदारी. लोकांनी आपल्या घामाने धरण बांधले तर शासनाला ती झटकायला निमित्तच मिळते. आक्षेपात तथ्य आहे. स्वावलंबनाची स्तुती सर्वांत मोठ्याने कोण करतो हे पाहिले की ते पटते; ऊसाच्या पट्ट्याला कालवे शासनाने द्यावेत आणि माळावरच्यांनी श्रमदान करावे, ही विभागणी काही ईश्वराने केलेली नाही. परंतु या दोन गावांनी भीक मागितली नाही आणि दानही केले नाही. त्यांनी राज्याच्या हातातील एका संपत्तीवर हक्क सांगितला आणि तो मिळविला. पुढे याच परिसरातून, नागनाथअण्णा नायकवडी यांच्या नेतृत्वाखाली, १९९३पासून दुष्काळी तालुक्यांची पाणी संघर्ष चळवळ उभी राहिली. तिने कृष्णेच्या पाण्यातला हिस्सा शासनाकडेच मागितला, आणि टेंभूच्या पाण्याचे आटपाडी तालुक्यात समन्यायी वाटप व्हावे ही मागणी लावून धरली. शासनाला मोकळे सोडणाऱ्यांची ही लक्षणे नव्हेत.

यश कितपत आले? दोन गावांचे धरण तालुक्याचे धोरण झाले नाही. ताकारी आणि टेंभू योजनांचे पाणी माळावर चढले, द्राक्षबागा आल्या, डाळिंब आले, आणि पाठोपाठ ऊसही आला. पाणी येताच माणूस ऊस लावतो यात त्याचा दोष कितीसा? ऊसाला ठरलेला दर आहे, उचलणारा कारखाना आहे, कर्ज देणारी सोसायटी आहे. ज्वारीला यांतले काय आहे? पीकपद्धतीवर प्रवचने देणाऱ्यांनी आधी बाजारपेठेची व्यवस्था लावून द्यावी. समन्यायी वाटपाची भाषा शासनाने परिपत्रकांत स्वीकारली, हेही खरे. परिपत्रकातून शेतात यायला तिला किती वर्षे लागतील हे सांगता येत नाही.

आणि रात्री ट्रॅक्टर चालविणाऱ्या त्या तरुणाचे काय? सभेत त्याला चोर म्हणणे सोपे आहे. शिक्षण बारावीपर्यंत, शेती दीड एकर, ट्रॅक्टर कर्जाचा. एका रात्रीच्या फेऱ्यांत त्याला जे मिळते ते दिवसभराच्या मजुरीत मिळत नाही. पात्राच्या रक्षणासाठी ठराव करणारी ग्रामसभा आणि पात्र उपसणारा ट्रॅक्टर एकाच गावचे, पुष्कळदा एकाच भावकीतले असतात. १९८०च्या दशकात ठेकेदार बाहेरचा होता, त्यामुळे लढाई सोपी होती असे नाही, पण निदान शत्रू ओळखू येत होता. आज त्याची साखळी गावातूनच सुरू होते आणि वर कुठे जाते ते सर्वांना ठाऊक असून कोणी बोलत नाही. या मुलाला वाळूहून बरे काम न देता जी चळवळ त्याच्यासमोर उभी राहील तिला तो रस्त्यात आडवा येईल, आणि त्याच्यामागे कोण उभे आहे ते दिसणारही नाही. बलवडीच्या मागणीत याचेही उत्तर होते. मर्यादित वाळू गावाने काढायची, तर ती काढण्याचे काम गावच्याच हातांना. ग्रामसभेला वाळूविषयी मत देता येते; तिला नकाराबरोबर हा होकारही देता यावा, एवढी दुरुस्ती धोरणात कोणी सुचवीत का नाही?

कृत्रिम वाळूचा पर्याय पुढे आला आहे. तो वापरावा, नदीवरचा भार त्याने हलका होईल. मात्र कृत्रिम वाळू दगड दळून होते आणि दगड डोंगरातून येतो, हे लक्षात ठेवून.

मागच्या हिवाळ्यात आमच्या काही विद्यार्थ्यांनी नदीकाठच्या विहिरींची पातळी मोजण्याचे काम घेतले. एक दोरी, तिला बांधलेला दगड आणि वही एवढेच साहित्य. एकंदर १४ विहिरी त्यांनी निवडल्या होत्या. त्यांपैकी दोघा मालकांनी मोजू दिले नाही, सरकार पट्टी बसवील म्हणून. उरलेल्या बाराचे आकडे वहीत आहेत. मोजणाऱ्यांत तो मागच्या बाकावरचा मुलगाही आहे. भावाला त्याने काय सांगितले ते मी विचारलेले नाही. येत्या मे महिन्यात त्याच बारा विहिरी पुन्हा मोजायच्या आहेत, आणि जून लागण्यापूर्वी दोन्ही वेळचे आकडे एका कागदावर मांडून ग्रामसभेपुढे ठेवायचे आहेत. त्याआधी पात्राच्या लिलावाची सूचना निघाली, तर तो कागद जिल्हाधिकारी कचेरीत हरकत म्हणून दाखल करावा, असे मुलांनी ठरविले आहे.